मिनिटे नव्हे, सेकंद! लांब पल्ल्याच्या शर्यतीतील वेळेची गोष्ट

१९२० सालच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर काही जाणती मंडळी विचारविनिमय करीत होती. त्या वर्षी बेल्जियममधील अँटवर्प शहरात ऑलिंपिक स्पर्धा भरणार होत्या. आपले खेळाडू तेथे पाठवता येतील का, आणि पाठवायचे तर ते कोणत्या तोडीचे हवेत, असा विषय होता. शंभराच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये साधारण किती वेळ लागत असेल, असे विचारल्यावर मंडळींपैकी एका महत्त्वाच्या सभासदाने उत्तर दिले, 'एक ते दोन मिनिटे लागत असतील.' हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या अंशांचा आहे, हे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. त्याच वर्षी अँटवर्पला चार्ली पॅडॉक या अमेरिकन धावपटूने १०० मीटरची शर्यत १०.८ सेकंदांत जिंकली.

हा किस्सा वाचून हसू येते. पण हसण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारून पाहू. आपल्या शाळेतली आठवीची मुलगी एक किलोमीटर किती वेळात पळते? दहावीचा मुलगा पाच किलोमीटर किती वेळात पळू शकेल? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे प्रश्न नुसते गमतीचे नाहीत. शिवजयंतीला शिवनेरीवरून ज्योत घेऊन गावोगावचे तरुण पळत आपापल्या गावी जातात. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या वाड्यांवरची मुले लहानपणापासून चढउतार तुडवतात. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी तयारी करणारी मुले-मुली गावाबाहेरच्या रस्त्यांवर रोज पळतात. पळणे येथे भरपूर आहे. शाळांच्या क्रीडास्पर्धांच्या कागदांवर मात्र बहुधा 'प्रथम, द्वितीय, तृतीय' एवढीच नोंद असते. किती अंतर आणि किती वेळ, हे दोन रकाने नसतात. या दोन रकान्यांनी काय घडू शकते, हे पाहण्यासाठी थोडे इतिहासात जाऊ.

पळ, घटका आणि कोस

घड्याळे येण्यापूर्वी आपल्याकडे वेळ मोजत नसत असे नाही. दिवसरात्रीचे आठ प्रहर, म्हणजे एक प्रहर तीन तासांचा. दिवसरात्र मिळून साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. घटकेचे साठ भाग केले की एक 'पळ' होतो आणि पळाचे साठ भाग केले की एक 'विपळ'. म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचा आणि एक विपळ ०.४ सेकंदाचा. पॅडॉकची शर्यत या हिशेबाने अर्ध्या पळाच्याही आत, नेमकी २७ विपळांत संपली. 'पळ' आणि 'पळणे' हे शब्द शेजारी आले की मुलांना हे गणित चटकन लक्षात राहते.

अडचण अशी, की पळ-विपळ हे ज्योतिषाच्या आणि पंचांगाच्या गणितात होते, मैदानावर नव्हते. प्रत्यक्षात वेळ मोजायला घटिकापात्र असे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त साधायला हे पुरेसे होते. पण तासाला पंधरा किलोमीटर वेगाने पळणारा माणूस एका घटकेत सहा किलोमीटर जातो. दोन धावणाऱ्यांमध्ये पाचशे मीटरांचे अंतर पडले, तरी घटिकापात्राला दोघे सारखेच.

त्या काळी याहून बारीक मापाची गरजही नव्हती. पेशवाईत पत्रे पोचवणारे जासूद आणि हरकारे, पुढे इंग्रजी अमलात टपालाच्या थैल्या वाहणारे रनर, हे सारे लांब पल्ल्याचे पळणारेच. त्यांचे अंतर कोसांत आणि वेळ प्रहरांत किंवा दिवसांत मोजली जाई. नाणेघाटाने कोकणातून जुन्नरला येणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा निरोप्याला 'सूर्य मावळायच्या आत' एवढे वेळापत्रक पुरे होई. माणूस पोचला की नाही हे महत्त्वाचे होते. शेजारच्या गावच्या माणसापेक्षा किती सेकंद आधी पोचला, हे कोणी विचारीत नसे.

शेतकऱ्यांची पोरे आणि दोराबजींची तुलना

हा प्रश्न पुण्यात गांभीर्याने विचारला गेला तो डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांच्या निमित्ताने. जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. त्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले होते. दोराबजींचे काही शिक्षण इंग्लंडमध्ये, केंब्रिजला झालेले होते. तिकडच्या मैदानी स्पर्धा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १९१९ च्या सुमारास जिमखान्याने भरवलेल्या स्पर्धांत पळायला आलेली मुले बहुतेक शेतात राबणाऱ्या कुटुंबांतली होती. साधे अन्न, पायांत काही नाही, शास्त्रशुद्ध शिक्षण नाही. स्पर्धेचे युरोपीय नियमही कोणाला नीट ठाऊक नव्हते. कार्यक्रमात सुमारे २५ मैलांची एक शर्यत होती आणि तिला मॅरेथॉन असे नाव दिलेले होते. खडीच्या कडक रस्त्यावरून अनवाणी पळत पहिल्या तीन-चार जणांनी ती पूर्ण केली.

येथपर्यंत ही एका जत्रेतल्या शर्यतीसारखीच गोष्ट आहे. फरक पुढे पडला. या मुलांना लागलेली वेळ दोराबजींनी युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहिली. ती चांगलीच तुलना करण्याजोगी निघाली. मग त्यांनी खटपट सुरू केली, पदरचे पैसे घातले, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची मदत मिळवली आणि १९२० साली हिंदुस्थानचा एक छोटा संघ अँटवर्पला रवाना झाला. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

या हकिकतीतला नेमका दुवा आपण नीट पाहिला पाहिजे. शेतकऱ्यांची मुले त्याआधीही जोरात पळत होतीच. कोणीतरी त्यांची वेळ लिहून ठेवली आणि ती दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिली, म्हणून त्यांची योग्यता जगापुढे आली. 'पहिला आला' एवढीच नोंद असती, तर तुलना करायला हाती काहीच उरले नसते.

अँटवर्पचे गणित

अँटवर्पला मॅरेथॉन पळलेल्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. फिनलंडच्या हॅनेस कोलेहमाइनेनने ही शर्यत २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. चौगुले यांना २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद लागले आणि ते एकोणिसावे आले. 'एकोणिसावे' म्हटले की ऐकणारा निराश होतो. पण जवळजवळ पन्नास जण पळायला उभे होते. म्हणजे निम्म्याहून अधिक धावपटू एकतर चौगुल्यांच्या मागे होते किंवा शर्यत अर्धवट सोडून गेले होते.

या आकड्यांत विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी एक बारीक गोष्ट दडलेली आहे. १०.८, ३५.८, ४५.४ या वेळांतला दशांश प्रत्येक वेळी सम आहे. याचे कारण त्या काळची हाताने चालवायची स्टॉपवॉच. त्यांत सेकंदाचे पाच भाग केलेले असत, म्हणून वेळ ०.२ सेकंदाच्या पटीतच मिळे. उपकरण जितके बारीक मोजते तितकेच बारीक उत्तर मिळते, हा प्रयोगशाळेतला धडा ऑलिंपिकच्या निकालपत्रातही सापडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची नव्हती, ती ४२.७५ किलोमीटरची होती. मॅरेथॉनचे अंतर तोवर ठरलेलेच नव्हते. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये ते सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन मैदानातल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजेच ४२.१९५ किलोमीटर. हेच अंतर प्रमाण म्हणून १९२१ साली मान्य झाले. मग वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यतींची तुलना कशी करायची? त्यासाठी धावणारे लोक 'गती' उलटी मांडतात. एका तासात किती किलोमीटर, असे न विचारता एका किलोमीटरला किती मिनिटे, असे विचारतात. चौगुल्यांचे २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद म्हणजे १०,२४५ सेकंद. त्याला ४२.७५ ने भागले की उत्तर येते २३९.६ सेकंद, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे. एवढ्याच गतीने ते आजच्या प्रमाण अंतरावर पळले असते, तर त्यांना सुमारे २ तास ४८ मिनिटे ३० सेकंद लागले असते.

याच पद्धतीने आणखी काही शर्यतींची गती काढून एक छोटा तक्ता करू. कंसात किलोमीटरला लागलेला वेळ मिनिटे आणि सेकंदांत दिला आहे.

१८९६, अथेन्स, स्पिरिडॉन लुईस, सुमारे ४० कि.मी. : २ तास ५८ मि. ५० से. (४ मि. २८ से.)
१९०८, लंडन, जॉनी हेज : २ तास ५५ मि. १८ से. (४ मि. ९ से.)
१९२०, अँटवर्प, फडेप्पा चौगुले, ४२.७५ कि.मी. : २ तास ५० मि. ४५ से. (४ मि. ० से.)
१९२०, अँटवर्प, हॅनेस कोलेहमाइनेन, ४२.७५ कि.मी. : २ तास ३२ मि. ३६ से. (३ मि. ३४ से.)
१९६०, रोम, अबेबे बिकिला : २ तास १५ मि. १६ से. (३ मि. १२ से.)
१९७८, जालंधर, शिवनाथ सिंग : २ तास १२ मि. ० से. (३ मि. ८ से.)
१९८४, लॉस एंजेलिस, जोन बेनॉइट : २ तास २४ मि. ५२ से. (३ मि. २६ से.)
२०१५, मुंबई, ललिता बाबर : २ तास ३८ मि. २१ से. (३ मि. ४५ से.)
२०२३, शिकागो, केल्विन किप्टम : २ तास ० मि. ३५ से. (२ मि. ५१ से.)

तक्त्यातून बरेच काही वाचता येते. चौगुल्यांची गती पहिल्या दोन ओळींतल्या ऑलिंपिक विजेत्यांपेक्षा चांगली होती. बिकिला रोमला अनवाणी पळूनच जिंकला. अनवाणी पळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांत काही दम आहे हे पुण्यात चाळीस वर्षे आधीच दिसले होते. शिवनाथ सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांची गती चौगुल्यांहून किलोमीटरमागे पंधरा सेकंदांनी सरस आहे. अर्थात १९२० मधले रस्ते, बूट, आहार आणि प्रवास लक्षात घेतला, तर कोण मोठा हा वाद घालण्यात अर्थ नाही. आकडे तुलना करू देतात. त्या तुलनेत परिस्थितीची भर आपल्याला घालावी लागते.

स्त्रियांच्या ओळी या तक्त्यात इतक्या उशिरा का येतात, हेही मुलींना सांगितले पाहिजे. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ८०० मीटरची शर्यत झाली. पण एवढे अंतर त्यांना झेपत नाही असे ठरवून ती बंद केली गेली, आणि पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडले. स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन तर १९८४ साली प्रथमच झाली. ती जोन बेनॉइटने जिंकली. म्हणजे अनेक दशके स्त्रियांच्या वेळेचा रकाना रिकामा राहिला तो त्यांना पळू दिले नाही म्हणून. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी वस्तीतल्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. म्हणजे सलग दहा किलोमीटर, प्रत्येक किलोमीटर सुमारे ३ मिनिटे १९ सेकंदांत. सावरपाड्यातला चढउतार आणि आहुपे-घाटघर परिसरातला चढउतार यांत फारसा फरक नाही.

अव्वल आणि मधला

वरचा तक्ता अव्वल धावपटूंचा आहे. तो पाहून एखाद्याने आपले उद्दिष्ट ठरवले, तर त्याच्या पदरी निराशाच येईल. त्यासाठी दुसरा प्रश्न विचारायला हवा. सामान्य माणूस मॅरेथॉन किती वेळात पळतो?

१९८३ साली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, २००४ साली मुंबईची. जगभरच्या शहरांत अशा शर्यतींतून नोकरदार, शिक्षक, गृहिणी, निवृत्त मंडळी पळू लागली. मोठ्या शहरांतल्या या शर्यतींत सर्वांच्या वेळा लहानाकडून मोठ्याकडे ओळीने मांडल्या, तर नेमका मधला धावपटू साधारण चार ते साडेचार तासांच्या दरम्यान येतो. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास. गणितात या मधल्या किमतीला आपण मध्यक म्हणतो. येथे सरासरीपेक्षा मध्यक अधिक कामाचा, कारण सहा-सात तास चालत-थांबत येणारे थोडे लोकही सरासरीला मागे ओढतात. मध्यक मात्र फारसा हलत नाही.

या वेळांचा आलेख काढला तर एक गंमत दिसते. २०१७ साली काही अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ९८ लाख मॅरेथॉन-वेळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेळांचा आलेख गुळगुळीत टेकडीसारखा असायला हवा. पण चार तास, साडेतीन तास अशा पूर्ण आकड्यांच्या अलीकडे गर्दी आढळली आणि पलीकडे एकदम खड्डा. ३ तास ५९ मिनिटांत येणारे पुष्कळ, ४ तास १ मिनिटात येणारे त्या मानाने कमी. शरीराला चार तासांचा आकडा ठाऊक नसतो. तो मनाला ठाऊक असतो. समोर ठराविक आकडा असला की थकलेला माणूसही शेवटच्या किलोमीटरला थोडा नेट लावतो. उद्दिष्ट ठेवल्याने फरक पडतो याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधायची गरज नाही. मात्र आकडा आवाक्यातला हवा.

दुप्पट अंतर, दुप्पट वेळ?

आवाक्यातला आकडा कोणता, हे ठरवताना विद्यार्थी एक चूक हमखास करतात. पाच किलोमीटरला पंचवीस मिनिटे लागली, तर दहाला पन्नास लागतील, असे त्रैराशिक ते मांडतात. माणूस मात्र मोटार नाही. अंतर वाढले की गती उतरते. पीटर रीगेल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली अनेक शर्यतींच्या वेळा तपासून एक साधे सूत्र मांडले. अंतर जितक्या पट वाढेल, त्या पटीचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने आधीच्या वेळेला गुणायचे. अंतर दुप्पट केले तर वेळ २.०८५ पट होतो. म्हणजे पाच किलोमीटर २५ मिनिटांत पळणाऱ्याने दहासाठी ५० मिनिटांचे नव्हे, तर ५२ मिनिटांचे उद्दिष्ट धरावे. अर्धमॅरेथॉनला, म्हणजे २१.१ किलोमीटरला, त्याला सुमारे १ तास ५५ मिनिटे लागतील आणि मॅरेथॉनला जवळजवळ चार तास. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना लॉगरिदम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

हे सूत्र अनुभवातून आले आहे. तो निसर्गनियम नव्हे. पुरेसा सराव नसेल, तर मॅरेथॉनला प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागतो. कारण शरीराच्या इंधनात आहे. पळताना माणूस दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. साठ किलो वजनाच्या माणसाला ४२ किलोमीटरांसाठी अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली ऊर्जा साधारण दीड ते दोन हजार किलोकॅलरी असते. उरलेली बरीचशी चरबीतून मिळवावी लागते आणि चरबी ही ऊर्जा सावकाश देते. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचे पाय जड होतात. सुरुवातीला जोरात पळणारा ग्लायकोजेन लवकर उडवतो आणि शेवटी दुप्पट किंमत मोजतो.

भरतीचे सोळाशे मीटर

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. येथल्या बहुतेक तरुणांच्या दृष्टीने खरी शर्यत मॅरेथॉनची नाही. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर पळावे लागते. सैन्यात २०२२ साली अग्निवीर योजना सुरू झाली, तेव्हा १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला त्या चाचणीचे पूर्ण ६० गुण, असा नियम होता. एका घरचे पुढचे आयुष्य या साडेपाच मिनिटांवर ठरते. गतीच्या भाषेत हे किलोमीटरला ३ मिनिटे २६ सेकंद झाले. आता पुन्हा तक्ता पाहा. जोन बेनॉइटने ४२ किलोमीटर बरोबर याच गतीने पळून काढले होते! यातून दोन गोष्टी कळतात. भरतीचे लक्ष्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे नाही. आणि ते नुसत्या जिद्दीने, दोन-तीन आठवड्यांत गाठण्याजोगेही नाही.

समजा, एखादा मुलगा आज १६०० मीटर ६ मिनिटे २० सेकंदांत पळतो. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या, तर त्याची एक फेरी ९५ सेकंदांची. साडेपाच मिनिटांसाठी ती ८२.५ सेकंदांची हवी. फरक फेरीमागे १२.५ सेकंदांचा. हा फरक एकदम तोडायला निघालेला मुलगा पहिली फेरी ७५ सेकंदांत मारतो, तिसऱ्या फेरीला धापा टाकतो आणि पुन्हा ६ मिनिटे २० सेकंदांवरच येतो. त्याऐवजी पहिले उद्दिष्ट ६ मिनिटे १० सेकंदांचे ठेवावे आणि चारही फेऱ्या साडेब्याण्णव सेकंदांच्या जवळपास पळायचा सराव करावा. ते जमले की पुढचे दहा सेकंद. प्रत्येक पायरीला काही आठवडे लागतील. म्हणून भरतीची जाहिरात आल्यावर सुरुवात करणाऱ्याला वेळ पुरत नाही. आठवी-नववीपासून नोंद ठेवणाऱ्याला पुरतो.

शाळेत काय करता येईल

पहिले काम अंतर नीट मोजण्याचे. 'शाळेपासून फाट्यापर्यंत एक किलोमीटर' हे ऐकीव माप चालणार नाही. त्यासाठी सायकल पुरेशी आहे. टायरवर खडूची खूण करा, टेपने मोजलेल्या पन्नास मीटरवरून सायकल नेऊन चाकाचे किती फेरे होतात ते मोजा आणि त्यावरून एका फेऱ्याचे अंतर काढा. फेरा २.१ मीटरचा असेल, तर एका किलोमीटरला सुमारे ४७६ फेरे होतील. ही युक्ती फक्त गरिबाघरची समजू नका. जगातल्या मोठ्या मॅरेथॉनचे मार्ग आजही चाकाला मोजणी-यंत्र बसवलेल्या सायकलनेच मोजतात. त्यात अंतर चुकून कमी भरू नये म्हणून किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात.

दुसरे काम सर्वांची वेळ लिहिण्याचे. फक्त पहिल्या तिघांची नाही. वर्गात एक्केचाळीस मुले असतील, तर वेळा ओळीने मांडल्यावर एकविसाव्या मुलाची वेळ हा वर्गाचा मध्यक. मुलांचा आणि मुलींचा वेगळा काढा. दोन-तीन वर्षे नोंद ठेवली की 'आपल्या शाळेत आठवीला एक किलोमीटरला साधारण इतका वेळ लागतो' हे शिक्षक ठामपणे सांगू शकतील. मग एखादी मुलगी त्याहून पुष्कळ पुढे असेल, तर ती लगेच नजरेत भरेल. ती तालुक्याच्या स्पर्धेत चौथी आली म्हणून दुर्लक्षित राहणार नाही.

तिसरे, प्रत्येकाला स्वतःच्या आधीच्या वेळेवरून उद्दिष्ट ठरवू द्या. वर्गात तिसाव्या क्रमांकावर असलेला मुलगा पहिला येणार नाही, हे त्यालाही कळते. पण सहा मिनिटांवरून पावणेसहावर येणे त्याला जमू शकते, आणि तो आनंद पहिल्या क्रमांकापेक्षा कमी नसतो.

तुलना करताना रस्ता सारखा आहे का, ते पाहा. घोडेगावहून मंचरकडे जाणारा रस्ता आणि डिंभ्याकडून आहुप्याकडे चढत जाणारा रस्ता यांवरची वेळ शेजारी ठेवता येणार नाही. फेब्रुवारीतल्या सकाळची आणि एप्रिलमधल्या दुपारची वेळही नाही. शिवज्योतीबरोबर पळणाऱ्यांनी किती तासांत अंतर कापले, हेही एकट्याच्या शर्यतीशी ताडू नये. जुन्नरहून पुणे सुमारे ९५ किलोमीटर. तासाला दहा किलोमीटर गतीने ज्योत साडेनऊ तासांत पोचते, पण ती पाळीपाळीने हातात घेणारे पुष्कळजण असतात. आणि एक इशारा या दोन तालुक्यांसाठीच. उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर आहे. पहाटेच्या अंधारात एकट्यादुकट्याने रस्त्यावर पळू नका. उजाडल्यावर, गटाने पळा. दहा सेकंद वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या त्या सभासदाला सेकंदांचा हिशेब ठाऊक नव्हता, कारण तसा हिशेब ठेवायची पद्धतच नव्हती. आज मनगटावरच्या साध्या घड्याळातही स्टॉपवॉच असते. सायकल प्रत्येक गावात आहे. वहीचे एक पान तेवढे राखून ठेवायचे आहे. त्यावर तारीख, अंतर, रस्ता, नाव आणि वेळ असे पाच रकाने आखा. पहिल्या वर्षी ते पान फारसे काही सांगणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सांगू लागेल.